उंचावर गेलं की सूर्य जवळ येतो, मग थंडी का वाढते? आणि ती थेट अवकाशापर्यंत वाढतच जाते का?

सूर्य आपल्यापासून जवळपास 15 कोटी किलोमीटर दूर आहे. त्यात 10 किलोमीटर वर चढल्याने काहीच फरक पडत नाही, त्यामुळे जवळ-लांबचा विचार आधी बाजूला ठेवा. विचारायचं ते असं, की ऊन नेमकं कुठे शोषलं जातं? मला स्वतःला वातावरणाचे थर समजले ते हा प्रश्न विचारल्यावरच. शाळेत नुसती नावं पाठ केली होती.

बरंचसं ऊन हवेतून आरपार जातं आणि जमीन, समुद्र तापवतं. हवा तापते ती खालून, पातेल्यातल्या पाण्यासारखी. तापलेली हवा वर जाते, वर दाब कमी असल्याने पसरते आणि पसरता पसरता गार होते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम लागतो ना, त्याच्या बरोबर उलट. सरासरी दर किलोमीटरला साडेसहा अंश उतरतात. विमानात समोरच्या स्क्रीनवर उंची 11 किलोमीटर दिसली की मी हटकून हिशेब करतो: जमिनीवर 15 अंश धरले, त्यातून साधारण 71 गेले, उरले उणे 56. स्क्रीनवरचा बाहेरच्या तापमानाचा आकडा बहुतेक वेळा याच्या आसपासच असतो.

हा झाला तपांबर, वातावरणाचा सर्वांत खालचा थर. ध्रुवांवर तो जेमतेम 8 किलोमीटर उंच, विषुववृत्तावर 16 ते 18. हवेतली जवळजवळ सगळी वाफ इथेच असते, म्हणून पाऊस, गारा, वादळं हा सगळा खेळही इथलाच.

पुढच्या वेळी लांबवर मोठा गडगडाटी ढग दिसला तर त्याचा माथा जरूर बघा. खाली फुलकोबीसारखा उसळत असतो आणि वर छताला टेकल्यासारखा एकदम सपाट पसरतो, लोहाराच्या ऐरणीसारखा. तिथे खरोखरच एक छत असतं, तपस्तब्धी. तिथून वर हवा गार व्हायची थांबते. ढगातली हवा आता भोवतालच्या हवेपेक्षा हलकी राहत नाही, आणि तिचं चढणं संपतं.

हे शोधलं फ्रान्सच्या तेसराँ द बोर यांनी. त्यांनी उपकरणं बांधून दोनशेहून अधिक फुगे सोडले. वर गेल्यावर तापमान उतरायचं थांबतं, हे पाहून उपकरणच उन्हाने तापत असेल अशी शंका येणारच. म्हणून रात्रीही सोडले. आकडे तेच. 1902 साली त्यांनी हा वेगळा थर जाहीर केला. तोच स्थितांबर.

इथे ओझोन सूर्याची अतिनील किरणं शोषतो, त्यामुळे वर जावं तसं तापमान वाढतं आणि 50 किलोमीटरच्या सुमारास शून्य अंशाजवळ येतं. खाली गार, वर उबदार, म्हणजे उसळी मारायला हवेला कारणच नाही. ही शांतता किती पक्की आहे ते 1991 मध्ये दिसलं. फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड या थरात फेकला. तपांबरात असता तर पावसाने काही आठवड्यांत धुऊन काढला असता. स्थितांबरात पाऊसच नाही! त्यापासून बनलेले बारीक थेंब वर्ष-दोन वर्षं तरंगत राहिले आणि पृथ्वीचं सरासरी तापमान जवळपास अर्ध्या अंशाने खाली आलं.

त्यावरच्या मध्यांबरात ओझोन विरळ, म्हणून पुन्हा थंडी. 85-90 किलोमीटरवर उणे 90 किंवा त्याहूनही खाली. बहुतेक उल्का याच सुमारास जळतात.

आणि मग तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, थंडी वाढत जात नाही. त्याहून वर विरळ वायू सूर्याची सर्वांत तीव्र किरणं शोषतात आणि तापमान हजार अंशांच्याही वर जाऊ शकतं. पण तापमान म्हणजे कणांचा वेग, आणि तिथे कण इतके थोडे, की अंगाला ती उष्णता जाणवणारच नाही. 400 किलोमीटरवरचं अंतराळ स्थानक याच थरातून फिरतं. त्याची उन्हातली बाजू तापते ती थेट सूर्यप्रकाशाने, भोवतालच्या हजार अंशांच्या हवेने नाही. सावलीतली बाजू त्याच हवेत राहून शून्याखाली गोठते.