घाटमाथ्यावरची सराई आणि तळघरातला राक्षस

प्रश्न: मी मराठीत फँटसी कादंबरी लिहितेय. घाटमाथ्यावर एक जुनी सराई आहे, तिथे सगळी पात्रं पहिल्यांदा भेटतात. सराईचा हजार वर्षांचा इतिहास लिहिलाय, सात पिढ्यांचे मालक, शाप, तळघरात झोपलेला राक्षस, सगळं आहे, तरी मैत्रिणी म्हणतात जागा सिरीयलच्या सेटसारखी वाटते. काय करू? (एक वाचक, सातारा)

उत्तर: राक्षस राहू द्या, त्याचं काही बिघडलेलं नाही. पण ती सराई तिथेच का आहे हे तुमच्या पत्रात कुठेच नाहीये. लदलेल्या बैलांचा तांडा दिवसाला दहा-बारा किलोमीटरच्या वर फारसा जात नसे, म्हणजे मुक्काम कुठे पडणार हे बैल आणि पाणी ठरवायचे, मालकाचे पूर्वज नाही. शेरशाह सूरीने दर दोन कोसांवर सराया बांधल्या असं अकबराच्या काळातला इतिहासकार अब्बास सरवानी लिहितो, आकडा देतो १७००, आणि प्रत्येकीत हिंदूंची सोय वेगळी, मुसलमानांची वेगळी, गरम पाणी गार पाणी वेगळं. आता बघा, पाणी कोण भरतं आणि कोण कुणाच्या हातचं पीत नाही एवढ्यावरच तुमची दोन प्रकरणं होतील. इराणकडच्या कारवान सरायांना बहुतेक एकच मोठा दरवाजा असायचा आणि तो रात्री बंद, मग उशिरा आलेला माणूस बाहेर कुणाबरोबर रात्र काढतो? शापापेक्षा मला हे जास्त भीतीदायक वाटतं.

लोककथेचं म्हणाल तर लोक आधी काहीतरी करत असतात, आणि मग त्याची गोष्ट सांगतात. बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे, जाताजाता ड्रायव्हर नाणं टाकतात. गोष्ट अशी की शिंग्रोबा धनगराने इंग्रजांना घाटातून वाट दाखवली, बक्षीस काय हवं विचारल्यावर म्हणाला आमचा देश सोडा, आणि त्यांनी त्याला गोळी घातली. गोष्ट अर्धवट माहीत असलेला ड्रायव्हरसुद्धा नाणं टाकतोच ना! नाणेघाटात तर तुमच्यासाठी सगळं तयारच आहे, सातवाहनांचं लेणं, नागनिका राणीचा लेख, राजघराण्यातल्या लोकांचे पुतळे गेले पण वर कोरलेली नावं राहिली, आणि घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण, ज्यात जकातीची नाणी टाकायचे असं प्रत्येक ट्रेकरला सांगितलं जातं. चेहरा नाही, नाव आहे. असं काहीतरी तुमच्या सराईच्या भिंतीवर असू द्या आणि ते कुणाचं यावर गिऱ्हाइकांना भांडू द्या, तुम्ही निकाल देऊ नका.

आणि भूत धंद्याला बरं असतं हे विसरू नका. इंग्लंडात कॉर्नवॉलच्या बॉडमिन माळरानावर जमैका इन आहे, १७५० ची, घोडागाड्यांच्या मुक्कामाची जागा, चोरट्या मालाची वदंता तेव्हापासूनची. एक प्रवासी अर्धा ग्लास टाकून बाहेर गेला, सकाळी मेलेला सापडला, आणि अजून तो ग्लास संपवायला येतो म्हणे. आज तिथे हॉटेल चालतं, स्मगलिंगचं म्युझियमसुद्धा आहे, आणि भुताला पगार द्यावा लागत नाही.

तेव्हा सातातल्या पाच पिढ्या गाळा. राक्षसामुळे सराईत रोज काय करावं लागतं ते लिहा, समजा पेजेचा पहिला पळा तळघराच्या झरोक्यातून खाली ओततात, मालक म्हणतो त्याच्यासाठी, भांडी घासणारी म्हणते उंदरांसाठी, आणि जकातवाला विचारतो त्या तांदळाचा हिशेब कुठाय.

प्रश्न: अशा गोष्टीत जेवायला काय वाढायचं, बटाटावडा चालेल? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: जग तुमचं आहे, चालवा. पण यादवकाळच्या दख्खनसारखं वाटायला हवं असेल तर बटाटा, मिरची, टोमॅटो, मका, शेंगदाणा सगळं बाहेर, ते अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या काळात आणि नंतर आलं. ज्वारीची भाकरी, हुलग्यांचं माडगं, तिखटाला मिरी आणि आलं, आंबटाला चिंच, एवढ्यात भागतं. चहापण नाही, सॉरी. ताक द्या.