मखर ठेवायला महिना 2,800 भाडं? जरा थांबा ताई

कोथरूडहून एका ताईंचा प्रश्न आलाय, थोडक्यात सांगतो. टू बीएचके, 620 कार्पेट, घरात चौघं. चार वर्षांपूर्वी 18,000 ला घेतलेलं प्लायचं फोल्डिंग मखर, लाइटच्या माळा, मोठा आकाशकंदील, गौरींचे स्टँड आणि सासूबाईंच्या सासूबाईंपासून आलेले पितळी मुखवटे. मागच्या पावसाळ्यात मखर बाल्कनीत ताडपत्रीखाली ठेवलं तर खालची फळी फुगली. आता तीन पर्याय डोक्यात आहेत. एक, स्टोरेजवाल्याकडे लॉकर भाड्याने घ्यायचा, महिना 2,800 अधिक जीएसटी. दुसरा, हायड्रॉलिक बेड आणि माळ्याला शटर, 65,000, तेही ईएमआयवर. तिसरा, सगळं विकून टाकायचं आणि दरवर्षी कागदी मखर आणायचं, साडेसहा हजारांचं. यजमानांना लॉकर पटतोय, सासूबाईंना यातलं काहीच पटत नाहीये.

आधी लॉकरचं बघू, कारण 2,800 हा आकडा ऐकायला अगदी निरुपद्रवी वाटतो, दोन वेळा बाहेर जेवलो की तेवढे जातातच असं आपण म्हणतो आणि सही करून मोकळे होतो. पण 18 टक्के जीएसटी धरला की ते महिन्याला 3,304 होतात, वर्षाचे 39,648. वर सामान न्यायचा आणि आणायचा टेम्पो, तुम्हीच लिहिलंय एका खेपेला 1,200, म्हणजे 2,400. झाले 42,048. आणि आत काय ठेवणार? तुमचीच यादी घेतली तर मखर 18,000, माळा 6,000, पडदे आणि फुलं 5,000, कंदील 2,500. सगळं उद्या नवंकोरं आणलं तरी 31,500! म्हणजे दरवर्षी सगळी सजावट फेकून देऊन नवी घेतली तरी लॉकरपेक्षा स्वस्त पडेल, आणि हे मी मखराची आजची जुन्या बाजारातली किंमत न धरता बोलतोय.

त्यात यंदा, म्हणजे 2026 ला, अधिक मास असल्यामुळे गणपती 14 सप्टेंबरला आहेत आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, म्हणजे सामान जेमतेम दोन महिने बाहेर असणार, ते सामान तुमच्या हॉलमध्ये असतानाही रिकाम्या लॉकरचं भाडं चालूच. शिवाय होम इन्शुरन्स काढलेला असेल तर त्यात तुमच्या घराचा पत्ता असतो, बाहेर ठेवलेलं सामान त्यात आपोआप येत नाही, हे कोणी सांगत नाही.

यजमानांचा मुद्दा मला कळतो. ते म्हणतात की आपल्याकडे फुटाचा भाव एवढा, मखराने 12 फूट अडवले म्हणजे लाखाची जागा अडकली. हा हिशोब व्हॉट्सअ‍ॅपवर छान दिसतो पण खरा नाही हो. ते 12 फूट तुम्ही कोणाला विकू शकत नाही, भाड्यानेही देऊ शकत नाही. जागेला किंमत तेव्हा, जेव्हा ती मोकळी झाल्यामुळे खिशातून जाणारे पैसे वाचतात. तसं तुमच्याकडे काही नाहीये, फक्त अडचण आहे, आणि अडचण खरीच आहे, मी नाकारत नाही.

विकायचा पर्याय मला सगळ्यात कच्चा वाटतो. मखर चार वर्षं वापरलंय, म्हणजे वर्षाला 4,500 पडलं. अजून चार वर्षं चाललं तर आठ वर्षांत वर्षाला 2,250. आज फुगलेल्या फळीसकट विकलं तर चार-पाच हजार आले तरी नशीब, आणि पहिल्याच गणपतीला साडेसहा हजार गेले की ते पैसे संपले. सुताराकडून ती एक फळी बदलून घ्या, त्याहून कितीतरी स्वस्तात होईल. (थर्माकोलचं मखर असतं तर मी काढाच म्हटलं असतं, 2018 च्या बंदीनंतर ते ठेवून करायचं काय.)

आता बेड. 65,000 मधले 48,000 एकट्या बेडचे आहेत, माळ्याच्या शटरचे फक्त 17,000. तुमचा आत्ताचा बेड धडधाकट आहे असं तुम्हीच लिहिलंय, मग गणपतीच्या निमित्ताने बेड का बदलताय? नो कॉस्ट ईएमआय म्हणताय तेही तपासा, क्रेडिट कार्डवर प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावरचा जीएसटी बहुतेक वेळा तुमच्याच बिलात येतो.

माझं मत, फक्त शटर करा, रोख. आठ वर्षं धरली तर वर्षाला 2,125. पण ऑर्डर द्यायच्या आधी माळ्याचं तोंड आणि मखराची सगळ्यात मोठी फळी टेपने मोजा. फळी जाते पण आतल्या बीममुळे वळत नाही हा प्रकार मी स्वतःच्या घरी केलेला आहे, शेवटी ती फळी दोन वर्षं कपाटामागे उभी होती, आणि खरं सांगायचं तर तिथे ती उत्तम राहिली. तुमचीही राहील. आणि माळ्यावर आत्ता काय आहे ते बघा एकदा. टीव्हीचा खोका, मिक्सरचा खोका, वॉरंटी संपून पाच वर्षं झालेली. निम्मी जागा तिथेच निघेल, फुकट. जिन्यात किंवा डक्टमध्ये मात्र काही ठेवू नका, सगळे ठेवतात म्हणून ते बरोबर होत नाही, आग लागली तर उतरायची वाट जिन्याचीच.

सामान टिकलं तरच हा हिशोब जमतो, म्हणून एक सांगतो. विसर्जन झालं की लगेच दुसऱ्या दिवशी पडदे घडी करून पिशवीत कोंबू नका, तेव्हा हवेत ओल असते. ऑक्टोबरचं ऊन लागू दे, मग भरा. माळांचे अ‍ॅडॉप्टर वेगळ्या डब्यात, सेलवाल्या दिव्यांतले सेल काढून. माझे एका वर्षी तसेच राहिले, पाझरले, आणि हजारभराचे दिवे गेले.

तुम्ही लिहिलंय की इमर्जन्सी फंड दीड महिन्याच्या खर्चाएवढाच आहे. खरी काळजी मला तिथे वाटते, मखराची नाही. लॉकरला जे 3,304 द्यायला तयार होता त्याचीच आरडी, म्हणजे बँकेत दरमहा भरायची ठेव, सुरू करा, वर्षाला 39,648 मुद्दल होते, आधी निदान चार महिन्यांचा खर्च जमेपर्यंत थांबवू नका. बेड त्यानंतर, हवाच असेल तर.

शटरचं काम गणपतीच्या आधीच उरकून घ्या. अनंत चतुर्दशीनंतर लगेच पितृपक्ष, तेव्हा कारागीर मोकळा मिळेल आणि भावही कमी करेल, पण सासूबाईंना तेव्हा घरात ठोकाठोक चालेल का हे तुम्हालाच माहीत. आणि गौरींचे मुखवटे माळ्यावरही नको नि लॉकरमध्येही नको, ते जिथे आहेत त्या कपाटातच राहू द्यात, त्यांची किंमत मी वरच्या 31,500 मध्ये धरलेलीच नाही.