शेवाळाचा अर्क जंतू मारतो, मग औषध का होत नाही?

समुद्री शेवाळाच्या अर्काने जंतू मरतात अशा बातम्या सारख्या येतात, मग औषध का दिसत नाही आणि तोवर शेवाळाच्या कॅप्सूल घ्याव्यात का, असं तुम्ही विचारलंय. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बातमीतला प्रयोग बहुतेक असा असतो: वाळवलेलं शेवाळ मिथेनॉल या द्रावकात भिजवतात, त्या अर्कात फिल्टर पेपरची चकती बुडवतात आणि जंतू पसरलेल्या अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, ठेवतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दिसलं की झाली बातमी. पण चकती नीट वाळली नसेल तर नुसत्या मिथेनॉलनेही जंतूंची वाढ थांबते. शिवाय अर्कातला नेमका कोणता पदार्थ काम करतो, तो रक्तात टिकतो का, माणसाच्या पेशींना अपाय करतो का, हे सगळं शोधायचं बाकीच असतं. कधी तर तो पदार्थ शेवाळाचा नसतोच, त्यावर राहणाऱ्या जिवाणूंचा निघतो.

मला खरी आशा वाटते ती सिडनीजवळच्या समुद्रातल्या डेलिसिआ पुल्क्रा या तांबड्या शेवाळामुळे. समुद्रात कशावरही जिवाणूंचा थर चढतो, हे मात्र बरंच स्वच्छ राहतं. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या पीटर स्टाइनबर्ग आणि स्टाफन केलेबर्ग यांच्या गटाने १९९०च्या दशकात त्याचं कारण शोधलं. थर बांधण्याआधी जिवाणू एकमेकांना रासायनिक निरोप धाडतात. या शेवाळातली फ्युरॅनोन्स नावाची रसायनं त्या निरोपासारखीच असल्यामुळे मध्येच घुसून त्यात अडथळा आणतात. जिवाणू जिवंत राहतात, पण त्यांची एकजूट होत नाही. ते मरत नसल्यामुळे औषधाला न जुमानणारे तेवढेच मागे उरतील ही भीतीही कमी, असा त्यामागचा विचार. पुढे तर असंही दिसलं, की उन्हाळ्यात फ्युरॅनोन्स घटली की हेच शेवाळ जिवाणूंमुळे आजारी होऊन पांढरं पडतं! अडचण अशी, की ही रसायनं आपल्या पेशींनाही घातक ठरतात, आणि गाडं तिथेच अडलंय.

आणखी एक धडा कॅराजीननचा. तांबड्या शेवाळातला हा पदार्थ प्रयोगशाळेत एचआयव्हीला अडवत होता. दक्षिण आफ्रिकेत ६०००हून जास्त महिलांवर त्याच्या जेलची चाचणी झाली. २००८ मध्ये निकाल आला: जेल सुरक्षित आहे, पण संसर्ग रोखत नाही.

म्हणून संसर्गावर उपाय म्हणून कॅप्सूल घेऊ नका. केल्पसारख्या तपकिरी शेवाळात आयोडीन इतकं असू शकतं की थायरॉइड बिघडतो. आधीच घेत असाल तर डॉक्टरांना तसं सांगा, आणि त्यांनी दिलेलं अँटिबायोटिक कॅप्सूलच्या भरवशावर मध्येच सोडू नका.