तुमच्या घरची बातमी सासूबाई का लिहितायत?

डेन्व्हरहून एका मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलंय, ते आधी थोडक्यात सांगते. ती मूळची डोंबिवलीची, नवरा युटामधल्या ओरेमचा, मॉर्मन (ख्रिस्ती धर्मातला एक पंथ) घरातला, सहा भावंडांतला तिसरा. एकोणिसाव्या वर्षी मिशनला, म्हणजे चर्चतर्फे दोन वर्षं धर्मप्रचाराला, जाऊन आला, पण कॉलेजनंतर चर्चला जाणं हळूहळू सुटलं, भांडण वगैरे काही नाही. लग्नाला दहा वर्षं झाली. सासूबाई दर रविवारी रात्री सगळ्या मुलांना एक ईमेल पाठवतात, त्यात घरोघरची खबरबात. या वेळच्या मेलमध्ये बातम्याच बातम्या होत्या, धाकट्या दिराला मिशनसाठी फिलिपिन्स मिळालंय आणि तो दोन वर्षं जाणार, नणंदेचं लग्न जूनमध्ये टेंपलमध्ये (त्यांचं खास विधींचं मंदिर, नेहमीच्या चर्चहून वेगळं) ठरलंय, जावेच्या बाळाचं चर्चमध्ये नाव ठेवलं. आणि शेवटी, डेन्व्हरची आमची नात मार्चमध्ये आठ वर्षांची होतेय, त्या दिवसाची आम्ही सगळे वाट बघतोय! त्यांच्यात आठव्या वर्षी बाप्तिस्मा होतो. हिला तो नकोय, नवऱ्यालाही नकोय, आणि ती ओळ वाचल्यापासून हिची झोप उडालीय. त्यात नणंदेच्या लग्नात आत प्रवेश नाही, बाहेर बसायचं. "मी या घरात कायम बाहेरचीच राहणार, सासूबाईंना कसं समजावू?"

आता माझं ऐक.

तुझ्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू कंसात टाकलंयस. "(मेलसाठी आमचं मी कधी काही पाठवत नाही, आमच्या दोन ओळी त्याच लिहितात.)" बस्स, एवढंच, आणि पुढे परत नणंदेच्या लग्नाचं रडगाणं. अगं, दहा वर्षं तुझ्या घरची बातमी दुसरं कोणीतरी लिहितंय आणि तुला ते कंसात टाकण्याइतकं किरकोळ वाटतं? "डेन्व्हरची मंडळी मजेत आहेत, दोघांना काम खूप आहे, नात गोड मोठी होतेय." हा नमुना तूच दिलायस, आणि चेष्टा म्हणून दिलायस. पण त्यांनी दुसरं लिहायचं काय? बाकीची पाच मुलं शनिवारपर्यंत फोटो पाठवतात, कोणाचा दात पडला, कोणाला चर्चमध्ये कुठलं काम मिळालं, ते सगळं. तुमच्याकडून काहीच येत नाही. मग ती बाई अंदाजाने रकाना भरते. इतकी वर्षं "मजेत आहेत" भरलं, या वेळी बाप्तिस्मा भरला. आधीच्या सगळ्या नातवंडांचा आठव्या वर्षी झाला, मग हिचा नाही होणार हे त्यांना कळणार कुठून, स्वप्नात?

तुला हा कट वाटतोय, दबाव वाटतोय. मला तरी तसं दिसत नाही.

आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. तुझा नवरा मिशनवर होता तेव्हा आजच्यासारखा दर आठवड्याला घरी फोन करता यायचा नाही, ती मुभा चर्चने फेब्रुवारी २०१९ मध्ये दिली. त्याआधी फोन फक्त नाताळला आणि मदर्स डेला, बाकी दोन वर्षं आठवड्याला एक पत्र नाहीतर ईमेल. म्हणजे याच मुलाच्या आठवड्याच्या मेलवर त्या माऊलीने दोन वर्षं काढलीत. तोच मुलगा लग्नानंतर एक ओळ लिहीत नाही. आता हे पाप तिकडे कोणाच्या खात्यावर जमा होत असेल, सांग बघू? त्याच्या नक्कीच नाही. त्याचं "आई काय, लिहील काहीतरी" चालून जातं, कारण तो मुलगा आहे. त्याला माझ्याकडून चार शब्द सुनाव, पण तो लिहील म्हणून वाट बघत बसू नकोस, दहा वर्षांत लिहिलं नाही तो या रविवारी काय लिहिणार.

लग्नाचं दोन वाक्यांत संपवते. टेंपलमधल्या विधीला ज्यांनी आधी तिथले स्वतःचे विधी घेतलेत आणि ज्यांच्याकडे चर्चचा परवाना आहे, तेच आत जातात, त्यामुळे नवरीची पंधरा वर्षांची सख्खी बहीण बाहेर बसणार आहे, आणि नवरीचा सख्खा भाऊ, म्हणजे तुझा नवरा, तोही बाहेरच. तेव्हा "फक्त मलाच" हे काढून टाक, छान साडी नेस, पायऱ्यांवरच्या फोटोंना हजर राहा आणि त्या पोरीशी गप्पा मार, तिला बिचारीला जास्त वाईट वाटत असणार.

चहाचंही तसंच. सासरी गेलीस की थर्मास घेऊन गाडीत बसून चहा पितेस म्हणे. त्यांच्यात चहा-कॉफी चालत नाही हे खरं, पण तू प्यायचा नाहीस असं तुला कोण बोललं? मी पत्र दोनदा वाचलं, कोणाचंच नाव नाही. तुझं तूच ठरवलंस आणि तुझं तूच गाडीत जाऊन बसलीस.

तर या रविवारी, सासूबाईंचा मेल निघायच्या आधी, तुमच्या घरचा परिच्छेद तू लिहून पाठवायचास. तू, तुझ्या नावाने. डोंबिवलीला तुझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते लिही (ते तिकडे कोणालाच माहीत नाही, हो ना?), लेक स्केटिंग शिकतेय ते लिही, करंज्या फसल्या ते लिही. आणि त्याच परिच्छेदात, शेवटी लपवून नाही, मधेच सरळ, की मार्चमध्ये आम्ही तिचा बाप्तिस्मा करणार नाही, मोठी झाली की तिचं ती ठरवेल, वाढदिवसाला मात्र तुम्ही दोघं डेन्व्हरला या, खोली तयार आहे. पुढे सॉरी नको, कारणं नकोत, आपल्याकडे कसं असतं त्यावर निबंध तर अजिबात नको. शनिवारी नवऱ्याला वाचून दाखव, परवानगीसाठी नाही, त्याला धक्का बसू नये म्हणून. लेकीशी तू बोललीयस आणि तिला फक्त बाप्तिस्म्याचा तो पांढरा ड्रेस आवडलाय असं लिहिलंयस, मग ड्रेस घेऊन दे, त्यात काय.

घाबरण्यासारखं तसं काही नाही. अल्पवयीन मुलाचा बाप्तिस्मा ते लोक आईबापाच्या संमतीशिवाय करत नाहीत, तेव्हा तुझ्या नकळत मुलीला कोणी पाण्यात उतरवणार नाहीये. सासूबाईंना वाईट वाटेल, रडतीलही, त्यांच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे आणि रडायचा त्यांना हक्क आहे, तू ते थांबवायला जाऊ नकोस. तुमची नावं टेंपलच्या प्रार्थनेच्या यादीत जातील कदाचित. जाऊ देत.

मेल गेला की मला कळवायची घाई करू नकोस. सोमवारी संध्याकाळी त्यांच्यात सगळ्यांनी घरी एकत्र बसायची पद्धत आहे, एकत्र बसा असं १९१५ पासून चर्च सांगत आलंय आणि सोमवार १९७० मध्ये ठरला, त्यामुळे फोन आला तर बहुतेक तेव्हाच येईल. तो नवऱ्याला देऊ नकोस, तूच घे.