अमेरिकेत पीएचडी करतेय, सुपरकॉम्प्युटरवर वेळ कसा मिळेल?

अगं मिळतो, आणि फुकट मिळतो! एनएसएफचा, म्हणजे संशोधनाला पैसा देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा, ॲक्सेस प्रोग्राम आहे, २०२२ मध्ये एक्ससीड या जुन्या प्रोग्रामच्या जागी आला. तू 'एक्सप्लोर' या त्यातल्या सगळ्यात छोट्या पातळीपासूनच सुरुवात कर, ४ लाख क्रेडिट्सपर्यंत (म्हणजे मशीनचा वेळ घ्यायचे पॉइंट्स) मिळतात, छोटा ॲबस्ट्रॅक्ट पुरतो, पण स्टुडंट म्हणून स्वतःच्या नावावर अर्ज टाकायचा तर गाईडचं पत्र लागतं, ते आधीच मागून ठेव. आणि हो, क्रेडिट्स आले म्हणजे लगेच जॉब (मशीनला द्यायची कामं) टाकता येत नाहीत हां, क्रेडिट्स आधी एखाद्या मशीनवरच्या वेळेसाठी एक्सचेंज करावे लागतात, म्हणजे सीपीयूचं काम असेल तर पर्ड्यूचं अॅन्व्हिल, जीपीयू हवे असतील तर डेल्टा वगैरे. आधी छोटे रन करून नीट टायमिंग काढ, मोठं ॲलोकेशन, म्हणजे जास्त वेळ, मागताना तेच आकडे कामी येतात.