खाण्याच्या रंगाने सुती टॉवेल, फुलं, तांदूळ रंगवता येतील का?

केकसाठी आणलेले रंग उरलेत, त्याने पांढरा सुती टॉवेल, फुलं आणि सजावटीचे तांदूळ रंगवायचेत, असं तुम्ही विचारलंय. टॉवेल सोडून बाकी खुशाल रंगवा.

मी सोलापूरची. वडिलांचा जन्म सुताच्या डाईंगमध्ये गेला, त्यामुळे टॉवेलचं खात्रीने सांगते. खाण्याचे बहुतेक कृत्रिम रंग ॲसिड डाय जातीचे असतात. ते लोकर, रेशीम, नायलॉन धरतात. सुती धाग्याला त्यांची पकड बसत नाही. भिजवल्यावर टॉवेल सुंदर दिसेल, पण दोन धुण्यांत रंग मोरीत जाईल आणि सोबतचे कपडे डागाळतील. सुतासाठी रिॲक्टिव्ह रंग घ्या. ते धुण्याच्या सोड्याने धाग्याशी कायमचे जोडले जातात.

हौस असेल तर पांढऱ्या लोकरीची लड घ्या. अर्धा तास साध्या पाण्यात भिजवा. मग पातेल्यात पाणी, रंग आणि दोन-तीन चमचे व्हिनेगर घालून लड त्यात सोडा. मंद आचेवर ठेवा, खळखळ उकळू देऊ नका, ढवळूही नका, नाहीतर लोकर आटून घट्ट होते. अर्ध्या-पाऊण तासात रंग बेताचा असेल तर पाणी जवळपास नितळ होतं आणि सगळा रंग लोकरीत उतरलेला असतो. मुलांना हे जरूर दाखवा, मला आजही ते बघताना हरखून जायला होतं. लड पातेल्यातच गार होऊ द्या.

फुलांसाठी निशिगंध किंवा पांढरी शेवंती चांगली. देठ तिरका कापून रंगाच्या दाट पाण्यात रात्रभर ठेवा. पाकळ्यांतून पाणी उडतं तसं देठातून रंगीत पाणी वर चढतं, म्हणून आधी शिरा आणि कडा रंगतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे लवकर होतं, पण फूलही लवकर मान टाकतं, तेव्हा सावलीत ठेवा. कुंडीत रंग ओतून मात्र काही होत नाही, मुळं तो फारसा वर जाऊ देत नाहीत.

तांदळाला चमचाभर व्हिनेगरमध्ये कालवलेला रंग चोळून सावलीत वाळवा, झालं.

खाण्यात मात्र हात आखडा. आपल्याकडे कृत्रिम रंग ठरावीक पदार्थांतच चालतात आणि साधारण मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीपेक्षाही कमी. शिवाय बाजारात उलटा प्रकारही चालतो, कापडाचा रंग खाण्यात. शेजारच्या कर्नाटकाने मार्च २०२४ मध्ये रंगीत म्हातारीच्या केसांवर बंदी घातली ती त्यात रोडामाइन-बी सापडल्यामुळे, आणि तो कापड रंगवायचा रंग आहे. म्हणून सुट्या पुडीतला रंग घेऊ नका. बाटलीवर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आणि रंगाचं नाव नसेल, तर मुलं हाताळणार असलेल्या तांदळालाही तो लावू नका.