ताटाभोवती लक्ष ठेव

ठाणे

सप्रेम आशीर्वाद,

नेरुळच्या मुलींच्या वसतिगृहात तू रेक्टर म्हणून रुजू होतेस, म्हणून हे आधीच लिहिते. खाण्याचा विकार म्हटलं की हाडं दिसणारी मुलगी डोळ्यांसमोर येते. तशी तुला क्वचितच भेटेल. बुलिमिया, म्हणजे भराभर खूप खायचं आणि मग उलटी, जुलाब किंवा अतिव्यायामाने ते भरून काढायचं, असा विकार असलेल्या बहुतेकींचं वजन चारचौघींसारखंच असतं. मूळची जाड मुलगी झपाट्याने उतरली, तर सगळे तिला "छान बारीक झालीस" म्हणतात. तिची नाडी मंदावलेली, पाळी थांबलेली असू शकते.

खुणा अशा: जेवण झालं की रोज तडक बाथरूम आणि नळ सोडलेला. ताटातलं मैत्रिणींना वाटून टाकायचं आणि रात्री एकटीने बिस्किटांचे पुडे संपवून कागद लपवायचे. उलटीसाठी घशात बोटं घालून सांध्यांवर पडलेले घट्टे, कानाखाली सुजलेले गाल. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजते, ते दंतवैद्याला आधी कळतं. घट्टे नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नकोस. कुणी जुलाबाच्या गोळ्या घेते, कुणी अंगात ताप असतानाही पाम बीच रोडवर धावायला जाते.

आणि उपवास. आपल्याकडे याच्याइतका सोयीचा आडोसा नाही, कारण त्यावर कुणी प्रश्नच विचारत नाही. आधी सोमवार, मग गुरुवार, मग चतुर्थी. उपवास करणारी मुलगी एरवी साबुदाण्याची खिचडी आवडीने खाते, वेळ झाली की उपवास सोडते. आजारी मुलीला मात्र फराळही नको असतो, सोडायची वेळ टळत राहते, आणि "आज नको धरूस" म्हटलं की ती कासावीस होते. तिच्या श्रद्धेला हात लावू नकोस. वार कधीपासून वाढले, एवढंच विचार.

विचारायचं ते एकटीला गाठून, जेवणाची वेळ टाळून. वजनाचा विषय काढू नकोस. "खायला लागलीस की थांबता येत नाही असं होतं का? मुद्दाम उलटी काढतेस का?" असं सरळ विचार, विचारल्याने आजार जडत नाही. नाही म्हणाली तर वाद नको, काही दिवसांनी पुन्हा विचार. बुलिमियाच्या निदानाचा निकष असं खाणं आणि ते भरून काढणं आठवड्याला सरासरी एकदा, असे 3 महिने हा आहे. तू तेवढं थांबू नकोस.

हो म्हणाली तर आधी फिजिशियन: रक्तातलं पोटॅशियम, ईसीजी, झोपून आणि उभं राहून नाडी-रक्तदाब. उलट्यांनी पोटॅशियम घटतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. भोवळ, धडधड, पायात गोळे आले तर त्याच क्षणी हॉस्पिटल. रिपोर्ट नॉर्मल आले तरी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचंच. तोवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर तिच्या हाती दे. उलटीनंतर लगेच ब्रश करू नये, नुसती चूळ भरावी, हेही सांग. आम्लाने मऊ झालेलं एनॅमल ब्रशने खरवडलं जातं.

मेसमधल्या मावशींशी पहिल्याच आठवड्यात बोल. कुणाच्या ताटात काय उरलं हे त्यांना तुझ्याआधी दिसतं. ते त्यांनी तुला बाजूला घेऊन सांगावं, सगळ्यांसमोर त्या मुलीला टोकू नये.

तुझी,
ताई